बाकीचे बारा राउंड

"सर, मी २० वर्षांचा आहे, एस. वाय. बी. कॉम.ला. आठवीत असताना मामाबरोबर (तो फौजेत होता) गोल्फ कोर्सवर जायला लागलो आणि तिथलाच झालो. गेल्या दीड वर्षात ॲमेच्युअरच्या (हौशी खेळाडूंच्या) दोन स्पर्धा जिंकल्या, एकीत दुसरा आलो. हँडिकॅप प्लस थ्री आहे. क्लबमध्ये सगळे म्हणतात, 'आता कसली वाट बघतोस, प्रो हो.' कोचसुद्धा म्हणतात यंदा क्यू-स्कूल (प्रो टूरची पात्रता स्पर्धा) खेळ. बाबा बँकेत आहेत, दोन वर्षांत रिटायर होतील. ते सासवडकडची दीड एकर विकायला तयार आहेत. आई गप्प आहे. बाबांच्या ओळखीचे एक बिल्डर वर्षाला सहा लाख द्यायला तयार आहेत, पण पुढे जे जिंकेन त्यातला निम्मा वाटा त्यांचा. कॉलेज सोडू का? जमीन विकू द्यावी का? आणि नाही जमलं तर परत ॲमेच्युअर होता येतं का?
– ओ., हडपसर"

प्रिय ओ.,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात जिंकलेल्या स्पर्धा आहेत, हँडिकॅप आहे, क्लबमधली माणसं आहेत. वाईट गेलेल्या आठवड्यांबद्दल मात्र एक अक्षर नाही. मला तेच हवं होतं.

हँडिकॅप म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा. तो कसा निघतो ते तुला ठाऊकच असेल, तरी वाचकांसाठी सांगतो. खेळाडूचे शेवटचे २० राउंड घ्यायचे, त्यांतले सर्वांत चांगले ८ निवडायचे आणि त्यांच्या सरासरीवरून आकडा काढायचा. २०२० पासून जगभर हीच पद्धत आली. तेव्हा प्लस थ्री याचा अर्थ एवढाच, की तुझे चांगले आठ दिवस कोर्सच्या रेटिंगपेक्षा (तिथे चांगल्या खेळाडूला लागावेत त्या फटक्यांपेक्षा) साधारण तीन फटके सरस, म्हणजे कमी आहेत. बाकीचे बारा दिवस कुठे गेले? ते गाळले. हँडिकॅप ही पद्धत क्लबातल्या माणसांनी आपसांत बरोबरीने खेळावं म्हणून केलेली आहे आणि त्या कामाला ती उत्तम आहे. टूरवर, म्हणजे प्रोंच्या स्पर्धांच्या मालिकेत, कोणी तुझा हँडिकॅप विचारत नाही आणि तिथे एकही राउंड गाळला जात नाही. पहिल्या दिवशी ७८ मारलेस तर ते ७८ तसेच राहतात, दुसऱ्या दिवशी त्यांच्यात भर पडते आणि संध्याकाळी कट लागतो: मागे पडलेले स्पर्धेतून बाहेर.

तेव्हा आधी एक काम कर. शेवटचे २० स्पर्धेतले राउंड काढ, मित्रांबरोबर रविवारी खेळलेले नकोत. कार्डं जेवणाच्या टेबलावर पसर. चांगली आठ उचलून बाजूला ठेव, उरलेली बारा समोर घे आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने लिही: फटके कुठे गेले? टीवरून (पहिल्या फटक्याच्या जागेवरून) चेंडू बाहेर, पाण्यात, थ्री-पट (ग्रीनवर, होलाभोवतीच्या हिरवळीवर, तीन फटके), की साध्या चिपला (ग्रीनबाहेरच्या छोट्या फटक्याला) दोन चिप? आणि कोर्स घरचा की बाहेरचा? घरच्या कोर्सवर तुला प्रत्येक ग्रीनचा उतार पाठ असतो. दुसऱ्या कोर्सवर दुसऱ्या गवतावर, एका प्रॅक्टिस राउंडनंतर तुझं काय होतं, ते मला कळायला हवं.

मी शिकवतो त्या मुलांना एक ढोबळ माप लावतो. शास्त्र वगैरे नाही, अनुभव आहे. बाहेरगावचे वाईट राउंड ७५-७६ वर थांबत असतील तर तू तयार आहेस, भले वर्षात एकही करंडक नसेल. ते ८१-८२ पर्यंत जात असतील तर दोन करंडक असूनही नाहीस. जिंकायला एक सुंदर आठवडा पुरतो. टूरवर टिकायचं असेल तर वाईट आठवडा फार वाईट जाता कामा नये.

हे मला शिकायला सहा वर्षं लागली, त्यांतलं बरंचसं पहिल्याच स्पर्धेत समोर आलं होतं. मीसुद्धा तुझ्याच वयाचा, दोन करंडकांच्या जोरावर प्रो झालेला. उत्तरेतलं एक शहर, थंडीचे दिवस. दुसऱ्या दिवशी शेवटच्या होलवर मला चार फुटी पट (चेंडू होलात ढकलायचा हलका फटका) उरला होता. पट गेला तर कटमध्ये, चुकला तर बाहेर. असले पट मी ॲमेच्युअरमध्ये डोळे मिटून घालायचो. त्या दिवशी पटरच्या मागे उभा राहिलो आणि डोक्यात हिशेब सुरू झाला: हॉटेलचं अजून दोन रात्रींचं भाडं, कॅडीचे चार दिवसांचे पैसे, बहिणीकडून घेतलेले वीस हजार. चेंडू उजव्या कडेला लागून बाहेर आला. स्कोअररच्या तंबूतून बाहेर पडलो तर कॅडी माझी बॅग खांद्यावरून न उतरवताच उभा होता. म्हणाला, "सर, टिकट आज रात का करवा लूँ?" त्यात टोमणा नव्हता. त्याने असे शेकडो मुलगे बघितले होते, परतीचं तिकीट स्वस्तात बदलून घ्यायचं असेल तर अंधार पडायच्या आत बदलावं, इतकाच त्याचा मुद्दा. त्याला द्यायला माझ्याकडे रोख नव्हती. आम्ही दोघं बॅग घेऊन एटीएम शोधत तासभर फिरलो, तिसऱ्या मशिनमध्ये पैसे निघाले.

माझा खेळ आदल्या महिन्यापेक्षा वाईट झाला नव्हता. फक्त तोच पट आता महाग झाला होता.

तू म्हणशील, सर, तुम्ही नाही टिकलात म्हणून मला घाबरवताय. मग टिकलेल्या माणसाचं ऐक. जस्टिन रोझ. १९९८ सालची ब्रिटिश ओपन, रॉयल बर्कडेल. हा १७ वर्षांचा ॲमेच्युअर. शेवटच्या दिवशी शेवटच्या होलवर त्याने साधारण पन्नास यार्डांवरून, रफमधून (वाढलेल्या गवतातून) मारलेला चेंडू थेट होलात गेला आणि तो संयुक्त चौथा आला. प्रेक्षक त्याला डोक्यावर घेऊन नाचत होते. दुसऱ्याच दिवशी तो प्रो झाला. आणि त्यानंतर ओळीने २१ स्पर्धांत त्याचा कट हुकला. एकवीस! हातात टूरचं कार्ड (टूरवर खेळायचा हक्क) नव्हतं, आमंत्रणांवर खेळत होता, आणि जिथे जाईल तिथे लोक त्या एका चेंडूबद्दल विचारत होते. पहिला मोठा विजय मिळाला २००२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत. त्याला घडवणारे वडील त्याच वर्षी ल्युकेमियाने गेले. यू. एस. ओपन जिंकायला २०१३ उजाडलं आणि २०१६ मध्ये रिओला ऑलिंपिकचं सुवर्ण मिळालं.

लोक ही गोष्ट चिकाटीची म्हणून सांगतात. चिकाटी आहेच. पण मी ती मुलांना सांगतो तेव्हा वेगळं विचारतो: त्या २१ स्पर्धांचा खर्च कोणी केला असेल आणि घरात त्या काळात काय बोलणं होत असेल? तुझ्या घरी एकवीस नको, सात कट हुकले तर काय होईल, याचा विचार कर. मग जमिनीच्या प्रश्नाचं उत्तर तुझं तुलाच मिळेल.

माझं उत्तर स्पष्ट आहे: जमीन विकायची नाही. बाबांचं मन मोठं आहे, त्यांच्या पाया पड, पण नको म्हण. दीड एकर विकून खेळायला गेलास तर प्रत्येक चार फुटी पटच्या आड ती दीड एकर उभी राहील. दोन वर्षांनी बाबांचा पगार थांबणार आहे. गोल्फमध्ये वीस ते चाळीस हा वीस वर्षांचा खेळ आहे, त्यातली पहिली दोन वर्षं चालवायला म्हातारपणाची पुंजी लावायची नसते.

मग खर्च किती? कागदावर मांड. वर्षाला २० स्पर्धा धर. प्रत्येक स्पर्धेला रेल्वे किंवा स्वस्त विमान, सहा रात्रींची खोली, जेवण, कॅडी, प्रवेश फी. मी आठवड्याला ४० हजार धरतो, म्हणजे आठ लाख झाले. त्यावर कोच, फिजिओ, हातमोजे, चेंडू, वेज दरवर्षी झिजतात ते. तू तुझे खरे आकडे घाल, कोचला विचार, आत्ता खेळत असलेल्या दोघा-तिघांना विचार. दुसऱ्या बाजूला बघ: पीजीटीआयच्या (ही भारतातली प्रो टूर) एक कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला साधारण १५ लाख मिळतात. ऐकायला छान वाटतं. पण विजेता एकच असतो, खाली जाताना रक्कम भराभर उतरते आणि कट हुकलेल्याला शून्य. त्या शून्याच्या आठवड्यातसुद्धा ४० हजार गेलेलेच असतात.

आता बिल्डरसाहेब. ते निम्मा वाटा मागतायत याचं मला तितकंसं वाईट वाटत नाही. जोखीम त्यांची आहे, तू काहीच जिंकला नाहीस तर सहा लाख त्यांचे बुडणार. (बुडणार ना? हे आधी विचार. काही लोक देताना प्रायोजक असतात आणि वर्षभराने सावकार होतात.) मला खटकतो तो तुझ्या पत्रातला 'पुढे' हा शब्द. पुढे म्हणजे कधीपर्यंत? तिशीत तू आशियाई टूरवर जिंकलास तरी निम्मे त्यांचे? मुदत घाल, तीन वर्षं. वाटा कॅडी, प्रवास आणि प्रवेश फी वजा करून उरलेल्या रकमेतला. त्यांचे पैसे फिटले आणि वर ठरलेला नफा मिळाला की वाटा कमी व्हायला हवा. हे सगळं वकिलाकडून लिहून घ्या, चहा पिता पिता ठरवू नका. बाबा बँकेत आहेत, कराराचा मसुदा त्यांना वाचता येईल, फक्त ओळखीच्या माणसासमोर त्यांना संकोच वाटेल. म्हणून वकील.

आणि एक गोष्ट तुला बहुतेक कोणी सांगितलेली नाही. सहा लाख घ्यायला प्रो व्हावंच लागतं असं नाही. २०२२ पासून ॲमेच्युअर स्टेटसचे नियम बदलले. आता ॲमेच्युअर खेळाडूला प्रायोजक घेता येतो, खर्चाचे पैसे घेता येतात, नाव आणि फोटो वापरू देता येतो. पूर्वी यातलं बरंच चालत नसे आणि आपल्या क्लबातले काही ज्येष्ठ अजून त्याच जुन्या नियमांवर चालतात. बंधन राहिलंय ते बक्षिसाचं: ७०० पौंड किंवा १००० डॉलरच्या वरचं बक्षीस घ्यायचं नाही. प्रो म्हणून स्पर्धेत उतरलास तर स्टेटस जातं, पैसे घेऊन क्लबातल्या लोकांना स्विंग शिकवायला लागलास तरी सहसा जातं. म्हणजे बिल्डरसाहेबांना तू विचारू शकतोस, की पहिलं वर्ष मला ॲमेच्युअर म्हणून बाहेरच्या स्पर्धा खेळायला पाठवाल का? बक्षिसाचा वाटा त्या वर्षी त्यांना मिळणार नाही, हे खरं. ते नाही म्हणाले तर त्यांना तुझा खेळ हवाय की परतावा, हे समजेल. परतावा हवा असणं गुन्हा नाही, पण आपल्याला माहीत असलेलं बरं.

बक्षिसाच्या त्या मर्यादेची एक गोष्ट तुला आवडेल, कारण तो मुलगा तेव्हा तुझ्याच वयाचा होता. निक डनलॅप, अलाबामा विद्यापीठाचा विद्यार्थी, वय २०. जानेवारी २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात पीजीए टूरची अमेरिकन एक्सप्रेस ही स्पर्धा त्याने ॲमेच्युअर म्हणून जिंकली. १९९१ मध्ये फिल मिकलसनने केलं होतं, त्यानंतर कोणाला जमलं नव्हतं. विजेत्याचे १५ लाखांहून जास्त डॉलर त्याला घेता आले नाहीत, ते दुसऱ्या आलेल्या ख्रिस्तियान बेझाउडनहाउटला गेले. डनलॅप काही दिवसांतच प्रो झाला आणि बरोबर केलं, कारण त्या विजयाने दोन वर्षांहून जास्त काळ टूरवर खेळायचा हक्क त्याच्या हातात आला होता. त्याच वर्षी प्रो म्हणूनही तो एक स्पर्धा जिंकला. इथवर सगळं तुझ्या क्लबातले लोक सांगतात तसंच आहे. पण २०२५ च्या मास्टर्सला याच मुलाने पहिल्या दिवशी ९० मारले. दुसऱ्या दिवशी ७१. माणूस तोच, कोर्स तोच, मध्ये फक्त एक रात्र. अशा ९० चा धक्का पचवायला त्याच्याकडे कार्ड होतं. तुझ्याकडे ते अजून नाही.

मग क्यू-स्कूल खेळायचं की नाही? खेळ, पण कसं खेळायचं ते नीट ठरव. प्रवेशाचे नियम वाच, ॲमेच्युअर म्हणून उतरता येतं का ते कार्यालयात फोन करून विचार. येत असेल तर तसंच उतर. कार्ड मिळालं तर मग निर्णय घे, नाही मिळालं तर तुझं काहीच गेलेलं नाही. आणि त्याच्या आधी एक आठवडा कोणाची तरी बॅग उचल. खरंच म्हणतो. पुण्यात पूना क्लबच्या कोर्सवर पीजीटीआयची स्पर्धा झालेली आहे. जवळपास कुठेही असेल तेव्हा, कट काढायला झगडणाऱ्या एखाद्या प्रोला सांग की मी कॅडी म्हणून येतो. पहिल्या दहातल्या खेळाडूची नको, त्यांच्याकडे पक्के कॅडी असतात आणि त्यांचा आठवडा बघून तुला नको ती स्वप्नं पडतील. तीस-चाळीस नंबरवर असलेल्या माणसाचं बघ. तो रात्री काय जेवतो, कोणाला फोन करतो, दुसऱ्या दिवशी पंधराव्या होलपासून त्याचं बोलणं कसं बंद होतं. पाच दिवसांत जे दिसेल ते मी पाच सदरं लिहून सांगू शकणार नाही.

कॉलेजबद्दल फार लिहीत नाही. वर्ष-सव्वा वर्षाचा प्रश्न आहे, टी. वाय. कर. रेंजवर दिवसाला आठ तास चेंडू मारणारा मुलगा मी अजून पाहिलेला नाही, आठ तास रेंजवर असणारे भरपूर पाहिलेत. चार तास मन लावून मारलेस तरी अकाउंटिंगला वेळ उरतो, आणि प्रो गोल्फरला अकाउंटिंग आलं तर बिघडत नाही.

परतीचा रस्ता आहे का, हा तुझा शेवटचा प्रश्न. आहे. स्टेटस परत मिळवायला अर्ज करावा लागतो, काही काळ थांबावं लागतं, मग मिळतं. पण तो विचार मनात ठेवून उतरलास तर पहिल्याच हुकलेल्या कटनंतर अर्ज लिहायला बसशील. घाईही नको आणि पळवाटही नको. अनिर्बन लाहिरीचा जन्म पुण्यातला. २००६ च्या दोहा एशियाडमध्ये भारतीय संघाला रौप्य मिळालं त्यात तो होता, २००७ मध्ये प्रो झाला, आणि अमेरिकेतल्या पीजीए टूरचं कार्ड हाती यायला २०१५ उजाडलं. आठ वर्षं, तेही एवढ्या गुणी मुलाला. उलट अदिती अशोक १७ व्या वर्षी प्रो झाली आणि त्याच वर्षाच्या शेवटी गुडगावला इंडियन ओपन जिंकून मोकळी. आणि महूचे मुकेशकुमार, देशातल्या टूरवर ढिगाने स्पर्धा जिंकलेला माणूस, त्यांना आशियाई टूरवरचा पहिला विजय ५१ व्या वर्षी मिळाला, २०१६ मध्ये, दिल्लीत. यांतलं कोणतं वेळापत्रक तुझं, ते क्लबातल्या कोणाला माहीत नाही. मलाही नाही.

राहिली आई. तू तीन शब्दांत तिला उरकलंस: 'आई गप्प आहे.' माझा अंदाज असा की घरातला हिशेब तिला तुम्हा दोघांपेक्षा चांगला कळतो आणि तो कोणी विचारलेला नाही. वर सांगितलेला खर्चाचा कागद तिच्यासमोर ठेव. तिला वही दे, वर्षभराचं खातं तिच्या ताब्यात राहू दे आणि किती रक्कम गेल्यावर थांबायचं तो आकडाही तिलाच ठरवू दे. तू कोर्सवर असताना तो आकडा तुझ्या डोक्यात नको, घरी वहीत असलेला बरा.

बारा कार्डांचे फोटो काढून मला पाठव, मागच्या पेन्सिलीच्या नोंदींसकट. चांगली आठ नकोत, ती क्लबात दाखव. आणि क्यू-स्कूलला गेलासच, तर पहिल्या दिवशी सकाळी टीवर जायच्या आधी कॅडीचे सगळ्या दिवसांचे पैसे वेगळ्या पाकिटात घालून बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेव. पाचशेच्या नोटा नकोत, सुटे.